यादवी युद्धातला लिंकन : मार्च १८६१ ते एप्रिल १८६५

पैलतीर

लिंकन म्हटलं की आपल्याकडे पहिल्यांदा शाळेच्या भिंतीवरचं ते हेडमास्तरांना लिहिलेलं पत्र आठवतं (त्याच्या कागदपत्रांत ते कुठेच सापडत नाही, पण ते असो), मग लाकडी झोपडी, मग गुलामांची मुक्तता आणि शेवटी थिएटरमधली गोळी. मधली चार वर्षं कोणी नीट सांगतच नाही. आणि मला तर वाटतं खरा लिंकन त्या चार वर्षांतच घडला, खुर्चीत बसल्यावर, युद्ध चालू असताना. म्हणून हा धागा.

नोव्हेंबर १८६० ला निवडून आला तेव्हा देशभरातली जेमतेम ४० टक्के मतं त्याला होती, दक्षिणेतल्या दहा राज्यांत तर त्याला मत द्यायची सोयच नव्हती. शपथविधी ४ मार्चला, तोपर्यंत दक्षिणेतली गुलामगिरी ठेवणारी सात राज्यं फुटून बाहेर पडलेली आणि त्यांनी जेफरसन डेव्हिसला आपला वेगळा अध्यक्षही करून टाकलेलं. वॉशिंग्टनला येताना बाल्टिमोरमध्ये दगाफटका होणार अशी खबर लागली म्हणून त्याला रात्रीतून गुपचूप आणावं लागलं, पेपरवाल्यांनी त्यावरून मनसोक्त टिंगल केली. १२ एप्रिलला दक्षिणेने सरकारच्या फोर्ट समटर किल्ल्यावर तोफा सुरू केल्या आणि त्याने ७५,००० स्वयंसेवक मागवले, ते किती दिवसांसाठी तर ९० दिवसांसाठी! चाललं चार वर्षं, आणि मेलेल्यांचा जुना आकडा ६,२०,००० आहे, नवे अभ्यासक तर साडेसात लाखांच्या आसपास सांगतात.

आता त्याचा रोजचा दिवस बघा. ऑफिस व्हाइट हाउसच्या दुसऱ्या मजल्यावर आणि राहायच्या खोल्याही त्याच मजल्यावर. जिन्यावर सकाळपासून रांग. पोस्टमास्तरची नोकरी मागणारे, कंत्राटं मागणारे, मुलाला फाशीतून सोडवा म्हणणाऱ्या आया, नवऱ्याचा पगार मिळाला नाही म्हणून आलेल्या बायका. जॉन निकोलाय आणि जॉन हे असे दोन तरुण सेक्रेटरी तिथेच राहायचे, ते बिचारे भेटीच्या वेळा ठरवून द्यायचे आणि हा माणूस स्वतःच त्या मोडायचा. लोकांचं प्रत्यक्ष ऐकल्याशिवाय आपल्याला देश काय म्हणतोय ते कळणार नाही हे त्याचं ठाम मत.

आणि संध्याकाळी, कधी कधी मध्यरात्रीसुद्धा, खांद्यावर शाल टाकून शेजारच्या युद्धखात्याच्या इमारतीत तारऑफिसात जायचं, कारण व्हाइट हाउसमध्ये तारयंत्र नव्हतं. आलेल्या तारांच्या प्रती एका ड्रॉवरमध्ये ठेवलेल्या असत. तो ड्रॉवर उघडून वरची तार काढायचा आणि एकेक वाचत खाली जायचा, आधी वाचलेली तार हाताला लागली की थांबायचा. मोठी लढाई चालू असली की तासन्‌तास तिथेच. युद्ध चालू असताना रणांगणाच्या इतकं जवळ, म्हणजे तारेच्या टोकाला, बसलेला हा बहुतेक पहिलाच राष्ट्रप्रमुख असावा.

माझा मुद्दा आता लिहितो. ऑगस्ट १८६२ मध्ये त्याने काही कृष्णवर्णीय प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलावलं आणि चक्क सांगितलं की तुमचं-आमचं एकत्र जमायचं नाही, तुमच्या लोकांनी बाहेर कुठेतरी वसाहत करावी. ज्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या त्या मातीत राबल्या त्यांना हे सांगणं वाचताना आजही संताप येतो. आणि ११ एप्रिल १८६५ ला, त्याच व्हाइट हाउसच्या खिडकीतून जमावासमोर बोलताना तो म्हणतो की निदान शिकलेल्या आणि सैन्यात लढलेल्या कृष्णवर्णीयांना मताचा हक्क मिळावा असं मला वाटतं. गर्दीत जॉन विल्क्स बूथ उभा होता. हे याचं शेवटचं भाषण असं तो तिथेच म्हणाला आणि तीन दिवसांनी त्याने ते खरं केलं.

अडीच-पावणेतीन वर्षांत हा माणूस तिथून इथे कसा आला, यावर बोलूया. मूर्ती फोडायची नाहीये आणि पुजायचीही नाहीये.

मनवा

मस्त सुरुवात. त्याच्या घरातल्यांबद्दल पण लिहा ना प्लीज, मुलगा त्याच काळात गेला ना त्याचा?

पैलतीर

हो मनवाताई. विली, ११ वर्षांचा, टायफॉइडने, २० फेब्रुवारी १८६२. धाकटा टॅड पण त्याच वेळी अंथरुणाला खिळलेला, तो वाचला. विलीला शेवटची आंघोळ घालून कपडे चढवणारी बाई होती एलिझाबेथ केकली, लिंकनची बायको मेरी हिची ड्रेसमेकर, जी स्वतः गुलाम म्हणून जन्मली होती आणि पैसे भरून स्वतःला आणि मुलाला सोडवून घेतलं होतं. तिचा एकुलता एक मुलगा आदल्याच वर्षी युद्धात मारला गेला होता. त्या खोलीत ती आणि लिंकन, दोघंही मूल गमावलेले.

आणि त्याच आठवड्यातली दुसरी गोष्ट सांगतो. नेथॅनियल गॉर्डन नावाचा जहाजाचा कप्तान आफ्रिकेतून माणसं भरून आणताना पकडला गेला होता, फाशीची शिक्षा झालेली. दयेचे अर्ज खूप आले. लिंकन एरवी सैनिकांच्या बाबतीत माफीला इतका सढळ की सेनापती वैतागायचे, पण इथे त्याने मरणाची तयारी करायला दोन आठवडे मुदत दिली आणि शिक्षा काही बदलली नाही. गॉर्डनला न्यूयॉर्कमध्ये फाशी दिलं २१ फेब्रुवारीला, म्हणजे विली गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी. गुलामांच्या व्यापारासाठी अमेरिकेत फाशी गेलेला हा एकमेव माणूस.

मेरीचं तर त्यानंतर काही खरं राहिलं नाही. ती मृतात्म्यांशी बोलणाऱ्या लोकांच्या नादी लागली. त्यात तिचं माहेर केंटकीचं, सावत्र भाऊ दक्षिणेच्या सैन्यात, त्यातले दोघं १८६२ मध्येच मारले गेले. उत्तरेतले लोक तिला फितूर म्हणायचे आणि दक्षिणेतले बाटगी, मोकळेपणी रडायची पण चोरी. १८६३ च्या सप्टेंबरात तिच्या बहिणीचा नवरा बेन हेल्म, दक्षिणेचा जनरल, चिकमॉगाच्या लढाईत पडला. त्याची विधवा एमिली डिसेंबरात व्हाइट हाउसला येऊन राहिली. एका जनरलने लिंकनला सुनावलं की ही बंडखोर बाई तुमच्या घरात नको, तर लिंकनने सांगितलं, आमच्याकडे पाहुणे कोण असावेत ते मी आणि माझी बायको ठरवतो.

घाटमाथा

लेख चांगला आहे पण दुसरी बाजू मांडतो, राग मानू नका. १८६१ च्या एप्रिलमध्ये याने हेबियस कॉर्पस (म्हणजे अटक केलेल्याला कोर्टापुढे आणायला लावण्याचा हक्क) स्थगित केला, संसदेला न विचारता. सरन्यायाधीश टॅनीने ते बेकायदा ठरवलं तर लिंकनने सरळ दुर्लक्ष केलं. हजारो लोक खटल्याशिवाय आत टाकले, काही पेपर बंद पाडले, ओहायोचा माजी खासदार व्हॅलँडिगम युद्धाविरुद्ध बोलला म्हणून सैनिकी कोर्टाने शिक्षा दिली आणि नंतर लिंकनने त्याला दक्षिणेच्या हद्दीत नेऊन सोडला. हे आजच्या एखाद्या नेत्याने केलं तर आपण त्याला काय म्हणू?

आणि डकोटा. मिनेसोटात डकोटा या मूळनिवासी जमातीच्या लोकांना सरकारकडून ठरलेले पैसे आणि धान्य मिळेना, उपासमार झाली, उठाव झाला, सैनिकी कोर्टाने काही मिनिटांत एकेक खटला उरकत ३०३ जणांना फाशी सुनावली. २६ डिसेंबर १८६२ ला मँकाटोला ३८ जणांना एकाच वेळी लटकवलं. आणि सहा दिवसांनी मुक्तीचा जाहीरनामा! डकोटांच्या पोराबाळांना लिंकन कसा सांगायचा?

पैलतीर

राग कशाला, धागा त्याचसाठी आहे घाटमाथा. डकोटांच्या बाबतीत एवढंच जोडतो की ३०३ च्या ३०३ फायली त्याने मागवून घेतल्या, माणसं बसवून तपासल्या, आणि ज्यांनी बलात्कार किंवा नागरिकांची कत्तल केल्याचं कोर्टाने म्हटलं होतं तेवढीच नावं स्वतःच्या हाताने लिहून पाठवली. मिनेसोटाचे पुढारी सगळ्यांनाच फासावर चढवा म्हणून धमक्या देत होते. २६० च्या वर लोक वाचले. पण ज्या खटल्यांवर त्याने विश्वास ठेवला ते खटलेच धड नव्हते, आणि पुढच्या वर्षी डकोटांना मिनेसोटातून हाकलून दिलं ते त्याच्याच राज्यात, त्याने ते थांबवलं नाही. यावर पांघरूण घालणार नाही.

हेबियस कॉर्पसचं मात्र मला पूर्ण चूक वाटत नाही. राजधानी मेरीलँडच्या आत अडकलेली, बाल्टिमोरमध्ये सैन्यावर दगडफेक होऊन माणसं मेलेली, रेल्वेचे पूल जाळलेले, संसदेचं अधिवेशन नाही. नंतर १८६३ मध्ये संसदेने कायदा करून त्याला तो अधिकार दिला. व्हॅलँडिगमचं प्रकरण मात्र मलाही पटत नाही. आणि एक बघा, एवढे अधिकार हातात असलेल्या माणसाने १८६४ ची निवडणूक पुढे ढकलली नाही, हरणार हे दिसत असताना. त्याबद्दल खाली लिहितो.

वऱ्हाडकर

या युद्धाचा आणि आपला संबंध कोणी लिहीत नाही म्हणून मी लिहितो बाप्पा. लिंकनने एप्रिल १८६१ मध्ये दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली आणि इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस बंद झाला, त्यांचा तीन चतुर्थांशाहून जास्त कापूस अमेरिकेतून जायचा. मग सगळे धावले मुंबईकडे. खानदेश, वऱ्हाड, गुजरात, जिथून मिळंल तिथून कापूस, भाव काही पटींनी वर. शेतकऱ्याने ज्वारीच्या रानात पऱ्हाटी लावली, सावकार आपणहून उचल द्यायला लागला. मुंबईत तर इतका पैसा आला की ठेवायचा कुठं कळंना, रोज नवी बँक, नवी कंपनी, बॅकबेची भरणी करायची कंपनी काढली तर शेअर मूळ किमतीच्या कितीतरी पट चढला. प्रेमचंद रायचंद त्यातलाच, राजाबाई टॉवरचा पैसा पण त्याच काळातला.

एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेचा सेनापती ली याने शरणागती पत्करल्याची बातमी आली आणि सगळं कोसळलं. १ जुलै १८६५ ला वायद्यांचे पैसे द्यायची वेळ आली तेव्हा मोठमोठे शेठ बुडाले, पुढं बँक ऑफ बॉम्बेही बुडाली. शहरातल्यांचं शहरात राहिलं, पण गावात भाव पडला, सावकाराने हात आखडता घेतला आणि जुनी वसुली सुरू केली. १८७५ ला पुणे-नगरकडं शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या त्याच्या कारणांत हे एक कारण धरतात. म्हणजे तिकडं शांतता झाली अन्‌ इकडं शेतकरी मेला. वॉशिंग्टनमधल्या माणसाच्या डोक्यात हिंगणघाट कधी आलं नसंल, पण त्याच्या सहीचा परिणाम इथपर्यंत होता.

उंबरठा

वऱ्हाडकर, फार छान लिहिलंत. त्याच लँकेशायरमधली अजून एक गोष्ट. कापूस बंद झाल्यावर तिथले कामगार अक्षरशः उपाशी होते, तरी मँचेस्टरच्या कामगारांनी १८६२ च्या शेवटच्या दिवशी सभा घेऊन लिंकनला पत्र पाठवलं की गुलामगिरी संपवा, आमचा पाठिंबा आहे. लिंकनने जानेवारीत त्यांना उत्तर पाठवलं, तुमचे हाल मला माहीत आहेत म्हणून. स्वतःची चूल थंड असताना दुसऱ्याच्या बेड्या तोडा म्हणणारी माणसं होती ती.

आणि महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केलं ते अमेरिकेतल्या लोकांना, गुलामांच्या मुक्तीसाठी त्यांनी केलेल्या निःस्वार्थ त्यागाबद्दल. आपल्या देशबांधवांनी त्यांचा कित्ता गिरवून शूद्रांना ब्राह्मणी दास्यातून सोडवावं अशी आशा धरून. युद्ध संपून आठ वर्षं झाली होती फक्त. पुण्यात बसून कुठवर नजर होती बघा.

सांजवेळ

पण त्याने गुलाम सोडवले ते राजकारण म्हणूनच ना? पेपरचा संपादक ग्रीली याला लिहिलेल्या पत्रात स्पष्ट आहे, एकही गुलाम न सोडता देश वाचत असेल तर तसं करीन.

पैलतीर

सांजवेळ, ते पत्र २२ ऑगस्ट १८६२ चं. आणि २२ जुलैलाच त्याने मंत्रिमंडळासमोर मुक्तीच्या जाहीरनाम्याचा मसुदा वाचून दाखवला होता! परराष्ट्रमंत्री सिवर्ड म्हणाला आत्ता काढलात तर हरणाऱ्याची शेवटची धडपड वाटेल, एखादा विजय होऊ द्या. म्हणून मसुदा ठेवून दिला आणि वाट बघत बसला. म्हणजे ग्रीलीला ते लिहिताना निर्णय झालेला होता, तो उत्तरेतल्या साशंक लोकांची मनाची तयारी करत होता. १७ सप्टेंबरला अँटिएटमला लढाई झाली, एका दिवसात दोन्हीकडचे मिळून जवळपास २३,००० मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता. लीचं सैन्य मागे गेलं. त्याला विजय म्हणायचं का हा प्रश्नच आहे पण लिंकनने तेवढा पुरेसा मानला, २२ तारखेला जाहीर करून टाकलं.

१ जानेवारी १८६३ ला अंतिम जाहीरनाम्यावर सही करायची होती. त्या दिवशी नवीन वर्षाची प्रथा म्हणून सकाळपासून काही तास त्याने शेकडो लोकांशी हात मिळवलेले, हात सुजून थरथरत होता. पेन उचललं आणि खाली ठेवलं. म्हणाला, सही थरथरलेली दिसली तर लोक म्हणतील याचं मन कचरत होतं. जरा थांबून सावकाश पूर्ण नाव लिहिलं, अब्राहम लिंकन. एरवी पत्रांवर नुसतं ए. लिंकन लिहायचा.

उत्तरेच्या बाजूने राहिलेल्या चार गुलाम-राज्यांना जाहीरनामा लागू नव्हता हे खरंच आहे, राज्यघटनेने त्याला फक्त युद्धाचा भाग म्हणून तेवढंच करता येत होतं. पण त्यातल्या एका कलमाने सैन्याची दारं उघडली. पुढे १,८०,००० च्या आसपास कृष्णवर्णीय सैनिक लढले. आणि त्यांना पगार किती, तर गोऱ्याला महिना १३ डॉलर आणि यांना १०, त्यातून कपड्यांचे ३ कापून ७. ऑगस्ट १८६३ मध्ये गुलामीतून पळून आलेला कृष्णवर्णीय पुढारी फ्रेडरिक डग्लस भेटीची वेळ न घेता थेट हे भांडायला गेला. लिंकनने ऐकून घेतलं पण लगेच मान्य नाही केलं, समान पगार यायला जून १८६४ उजाडला. डग्लसला राग होता तो होताच, तरी बाहेर येऊन त्याने सांगितलं की या माणसाने मला माझ्या रंगाची आठवण एकदाही करून दिली नाही. मला वाटतं लिंकन बदलला तो या लोकांमुळे. जो सैनिक देशासाठी मरतो त्याला बाहेर जा म्हणायला तोंड कुठून आणणार.

चौकटीबाहेर

सेनापतींबद्दल कोणीच नाही लिहिलं अजून. उत्तरेचा सेनापती मॅक्लेलन याचा किस्सा तर पाहिजेच. नोव्हेंबर १८६१, लिंकन, सिवर्ड आणि सेक्रेटरी जॉन हे त्याच्या घरी गेले, साहेब लग्नाला गेलेले, तिघं तासभर बसले. मॅक्लेलन आला, राष्ट्राध्यक्ष बसलेत हे नोकराने सांगितलं, तरी सरळ जिना चढून वर गेला. अर्ध्या तासाने निरोप आला, साहेब झोपले! जॉन हे भडकला तर लिंकन म्हणाला आत्ता मानपानाची वेळ नाही. मी असतो तर दुसऱ्या दिवशी काढला असता. त्याने आणखी वर्षभर सांभाळला आणि लढत नाही म्हटल्यावरच हाकलला.

उत्तरेचाच जनरल मीड, त्याचं पण तसंच. गेटिसबर्गची लढाई जिंकली पण ली नदीपार निसटला. लिंकनने त्याला जळजळीत पत्र लिहिलं, सोन्यासारखी संधी घालवलीत, मला अतोनात दुःख झालंय वगैरे. आणि मग पाकिटावर लिहून ठेवलं, कधीच पाठवलं नाही, सही केली नाही. ते पाकीट त्याच्या कागदांत सापडलं. आपण रागात व्हॉट्सॅपवर काय काय पाठवून मोकळे होतो.

पैलतीर

आता १८६४. मे-जूनमध्ये उत्तरेचा सेनापती ग्रँट व्हर्जिनियात रोज हजारोंनी माणसं गमावत होता. जुलैत दक्षिणेच्या जनरल अर्लीचं सैन्य वॉशिंग्टनच्या वेशीपर्यंत आलं, फोर्ट स्टीव्हन्सवर लिंकन स्वतः तटावर उभा राहून बघत होता, गोळ्या येत होत्या, शेजारचा माणूस जखमी झाला तेव्हा त्याला ओरडून खाली बसवावं लागलं. पक्षातलेच लोक उमेदवार बदला म्हणत होते. समझोता करा, मुक्तीची अट सोडा, दक्षिण परत येईल असा दबाव.

१९ ऑगस्टला त्याने डग्लसला पुन्हा बोलावलं आणि विचारलं की मी हरलो तर हा जाहीरनामा पुढचा माणूस गुंडाळून ठेवेल, तर त्याआधी जास्तीत जास्त गुलाम दक्षिणेतून बाहेर काढायची काही योजना करता येईल का. दोन वर्षांपूर्वी देश सोडा म्हणणारा हाच माणूस.

चारच दिवसांनी, २३ ऑगस्टला, त्याने एक कागद घडी करून मंत्र्यांपुढे ठेवला आणि न वाचता मागच्या बाजूला सह्या करा म्हणाला. सगळ्यांनी केल्या. आत लिहिलं होतं की हे सरकार पुन्हा निवडून येणार नाही असं फार दिसतंय, तेव्हा निवडणूक ते शपथविधी या काळात नव्या अध्यक्षाला साथ देऊन देश वाचवणं माझं कर्तव्य, कारण नंतर त्याला तो वाचवता येणार नाही. घाटमाथा, मी वर म्हटलं ते हे. समोरचा उमेदवार कोण, तर मॅक्लेलन. सप्टेंबरच्या सुरुवातीला उत्तरेच्या जनरल शर्मनने अटलांटा घेतलं आणि वारं फिरलं, राज्यांच्या निर्वाचक प्रतिनिधींच्या (इलेक्टोरल) २१२ विरुद्ध २१ मतांनी निवडून आला, सैनिकांची मतं तर भरभरून पडली. ज्या सैनिकांना तो मरायला पाठवत होता त्यांची.

मनवा

अंगावर काटा आला ते कागदाचं वाचून. आणि त्याचे फोटो बघा कोणीतरी, १८६० चा दाढी नसलेला आणि फेब्रुवारी १८६५ चा. पाच वर्षांचा फरक अजिबात वाटत नाही, वीस वर्षांचा वाटतो. गाल आत, डोळ्यांखाली खड्डे, ५६ वर्षांचाच होता ना तो?

घाटमाथा

५६ च. मान्य करतो, १८६४ चं प्रकरण मला एवढं माहीत नव्हतं, आणि हरायची तयारी ठेवून निवडणूक घेणं याला किंमत आहे. पण पैलतीर, तो जगला असता तर पुढचं चांगलं झालं असतं असं तुम्ही म्हणणार असाल तर मला शंका आहे. लुइझियानाला परत घेण्याची त्याची योजना बरीच मवाळ होती. दहा टक्के मतदारांनी निष्ठेची शपथ घेतली की झालं राज्य तयार, आणि तिथल्या नव्या घटनेत कृष्णवर्णीयांना मत नव्हतंच. त्याच्याच पक्षातल्या लोकांनी त्यावरून त्याच्याशी भांडण घेतलं होतं.

पैलतीर

बरोबर आहे, आणि ११ एप्रिलचं भाषण त्या लुइझियानावरच होतं. तो आपल्या योजनेचा बचाव करत होता आणि त्याच दमात म्हणत होता की मत द्यायला हवं होतं. म्हणून जगला असता तर काय झालं असतं हे मी छातीठोक सांगणार नाही. जे झालं ते मात्र समोर आहे. उपाध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन त्याच्या जागी अध्यक्ष म्हणून आला, दक्षिणेतल्या जुन्या मालकांना धडाधड माफी दिली, राज्यांनी कृष्णवर्णीयांना पुन्हा जखडणारे कायदे केले आणि जॉन्सन मताच्या हक्काच्या विरोधात ठाम उभा राहिला. वंशावरून मत नाकारता येणार नाही ही १५ वी घटनादुरुस्ती यायला १८७० उजाडलं आणि तीही पुढे दक्षिणेत कागदावरच राहिली, जवळजवळ १९६५ पर्यंत.

जॉन्सनकडेही डग्लस गेला होता भेटायला, फेब्रुवारी १८६६ मध्ये, मताचा हक्क मागायला. जॉन्सनने त्यालाच भाषण ऐकवलं आणि तुम्ही लोक दुसरीकडे जा असं सुचवलं. लिंकन १८६२ मध्ये जिथे होता तिथेच हा १८६६ मध्ये बसलेला. फरक एवढाच मोठा आहे, आणि मला तो पुरेसा वाटतो.